रडारवर जहाज, समुद्रावर काहीच नाही: खोटे इको ओळखण्याची पद्धत

रडारच्या स्क्रीनवर ठसठशीत इको (परत आलेल्या लहरीचा ठिपका) आहे, त्या बेअरिंगवर (दिशेला) दुर्बीण लावली तर मोकळं पाणी. किंवा फनेलच्या (धुराड्याच्या) रेषेत एक ‘जहाज’ तासभर आपल्यामागून येतंय आणि त्याला ना दिवा, ना एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा). अशा वेळी ब्रिजवरून ईटीओला, म्हणजे जहाजावरच्या विद्युत-तांत्रिक अधिकाऱ्याला, फोन जातो. तो येऊन सगळं तपासतो आणि बहुतेक वेळा रडारमध्ये बिघाड सापडत नाही, कारण तो नसतोच.

रडारला मुळात दोनच गोष्टी समजतात: पल्स (लहरींचा छोटा झटका) जाऊन परत यायला किती वेळ लागला आणि त्या क्षणी स्कॅनरचं (फिरत्या अँटेनाचं) तोंड कुठे होतं. एक सागरी मैल जाऊन-येऊन साधारण १२.३५ मायक्रोसेकंद लागतात. त्यावरून रेंज (अंतर), स्कॅनरच्या दिशेवरून बेअरिंग. लहर वाटेत कुठे आपटून, वळून किंवा उशिरा आली, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून खोट्या इकोत जवळपास नेहमीच दोनपैकी एकच गोष्ट चुकलेली असते, रेंज तरी किंवा बेअरिंग तरी, आणि दुसरी खरी असते. तिला धरूनच पुढची सगळी तपासणी करायची आहे.

मात्र इको खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खरा धरूनच जहाज चालवायचं. १९७२ च्या कोलरेग्समधला (समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांमधला) सातवा नियम सांगतो की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अंदाज बांधू नयेत. ‘काही नाही, रिफ्लेक्शन असेल’ हाही अंदाजच आहे.

लक्षणं

मोठं जहाज जवळून समांतर जात असेल आणि त्याच्यामागे त्याच बेअरिंगवर, सारख्या अंतराने आणखी दोन-तीन इको दिसत असतील, तर ते मल्टिपल इको. समजा खरं जहाज ०.८ मैलावर आहे. लहर त्याच्या पत्र्यावरून आपल्याकडे येते, आपल्या पत्र्यावरून पुन्हा त्याच्याकडे जाते आणि परत येते. मग दुसरा इको १.६ मैलावर आणि तिसरा २.४ वर उमटतो, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका. इथे बेअरिंग खरं, रेंज खोटी.

जोरदार इकोच्या दोन्ही बाजूंना, त्याच रेंजवर, कमानीसारखे तुकडे पसरलेले दिसतात तेव्हा ते साइड लोबचे. स्कॅनर मुख्य बीमशिवाय आजूबाजूलाही थोडी शक्ती सांडत असतो. लक्ष्य मोठं आणि जवळ असेल तर तेवढीही पुरते. वाढत जाऊन ही कमान कधी कधी जवळजवळ पूर्ण वर्तुळ होते. रेंज खरी, बेअरिंग खोटं.

फनेल, मास्ट, क्रेन किंवा कंटेनरच्या उंच रांगेच्या दिशेत एकटाच इको दिसतो तो इनडायरेक्ट, म्हणजे परावर्तित. सगळ्यात जास्त फसवणारा हाच, कारण तो एकटा असतो, व्यवस्थित हलतो आणि आर्पावर (लक्ष्यांचा माग ठेवणाऱ्या रडारच्या सोयीवर) ट्रॅकसुद्धा होतो. स्कॅनर फनेलकडे तोंड करतो तेव्हा फनेल आरशासारखं काम करतं. लहर तिथून दुसरीकडे वळते, तिकडच्या जहाजावर आपटते आणि त्याच वाटेने परत येते. रडारच्या हिशेबी स्कॅनर फनेलकडे पाहत होता, म्हणून इको फनेलच्या बाजूला काढला जातो. स्कॅनरपासून फनेलपर्यंतचं अंतर नगण्य असल्यामुळे रेंज मात्र खऱ्या जहाजाइतकीच येते.

चार्टवर जिथे जमीन नाही तिथे जमीन दिसू लागली, आणि ती आतल्या बाजूला निमुळती, वेडीवाकडी दिसत असेल, तर सेकंड ट्रेस इकोचा संशय घ्या. समुद्रावर गार दमट हवा आणि वर कोरडी गरम हवा असा थर बसला की लहर त्या थरात अडकून क्षितिजापलीकडे फार लांब जाते. तांबडा समुद्र, इराणचं आखात आणि पावसाळा नसताना अरबी समुद्र ही याची नेहमीची ठिकाणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतल्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे इको आल्याची नोंद आहे. अंतर हजार मैलांहून जास्त. इतक्या लांबून परत येणारी पल्स उशिरा पोचते. तोवर रडारने पुढची पल्स सोडलेली असते आणि वेळ त्या नव्या पल्सपासून मोजला जातो, म्हणून लांबचा डोंगर जवळ दिसतो.

ठिपक्यांच्या वळणदार, फिरत राहणाऱ्या रेघा म्हणजे दुसऱ्या जहाजाच्या रडारचा इंटरफिअरन्स. वाऱ्याकडच्या बाजूला, केंद्राजवळ जास्त दाट असलेली गचगच म्हणजे सी क्लटर (लाटांचे इको). कापसासारखा मऊ कडांचा मोठा पट्टा म्हणजे पाऊस. ही तिन्ही बहुतेकांना ओळखता येतात, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही. सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) रडारवर मात्र एक नवी गोष्ट दिसते. पल्स कॉम्प्रेशनमुळे (लांब पल्स आखडून घेण्याच्या प्रक्रियेमुळे) जोरदार लक्ष्याच्या पुढे-मागे, त्याच बेअरिंगवर, फिके ठिपके येऊ शकतात. मल्टिपल इकोसारखेच वाटतात, पण दुप्पट-तिप्पट अंतराचा हिशेब त्यांना लागू होत नाही.

खोटं समजून सोडायचं नाही असं काही

एकाच बेअरिंगवर बाहेरच्या दिशेने सारख्या अंतराने १२ ठिपके आले तर ती सार्टची (संकटात रडारला उत्तर देऊन जागा दाखवणाऱ्या उपकरणाची) खूण आहे, म्हणजे कोणीतरी जीवनतराफ्यात असू शकतं. ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ०.६ मैल असतं, आणि उपकरण पहिल्या, सगळ्यात जवळच्या ठिपक्याच्या आसपास असतं. जवळ जाल तसे ठिपके कमानी होतात आणि साधारण मैलभराच्या आत पूर्ण वर्तुळं. सार्ट ९.२ ते ९.५ गिगाहर्ट्झवर उत्तर देतो, त्यामुळे तो फक्त त्याच पट्ट्यातल्या एक्स-बँड रडारवर दिसतो, ३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या एस-बँडवर नाही. ‘एस-बँडवर नाही, म्हणजे खोटं’ ही कसोटी इथे माणसाचा जीव घेऊ शकते. वर्तुळं दिसली म्हणून साइड लोब समजू नका. बोयाच्या किंवा दीपस्तंभाच्या मागे मोर्सच्या लांब-आखूड रेघा दिसल्या तर तो रॅकॉन (रडारला उत्तर देणारा बीकन), चार्टवर त्याची नोंद सापडेल.

पहिली तपासणी: व्हीआरएम आणि ईबीएल

याला काही खर्च नाही, सेटिंग बदलावं लागत नाही आणि अर्धी प्रकरणं इथेच सुटतात. बाहेर एकदा नजर टाकून, लुकआउटला ते बेअरिंग सांगून मगच बटणांकडे वळा.

संशयित इकोवर व्हीआरएमचं (अंतर मोजण्याचं) वर्तुळ आणा आणि त्या वर्तुळावरून नजर पूर्ण फिरवा. त्याच रेंजवर दुसरा, जास्त जोरदार इको बसलाय का? असेल तर बेअरिंग चुकल्याची शक्यता मोठी. दोन्ही शेजारी-शेजारी असतील तर साइड लोब, एकमेकांपासून खूप लांबच्या बेअरिंगवर असतील आणि संशयित इको फनेल-मास्टच्या रेषेत असेल तर इनडायरेक्ट. आता त्याच इकोवर ईबीएल (दिशा मोजण्याची रेषा) ठेवा आणि रेषेवर केंद्राकडे या. बरोबर अर्ध्या किंवा एक-तृतीयांश अंतरावर मोठं लक्ष्य आहे का? असेल तर मल्टिपल.

मग थांबा. एक-दोन फेऱ्यांवर निष्कर्ष काढू नका. खरं जहाज जवळ येईल तसा इनडायरेक्ट इकोही त्याच हिशेबाने जवळ येतो, पण त्याचं रिलेटिव्ह बेअरिंग (आपल्या जहाजाच्या नाकापासून मोजलेली दिशा) फनेलला चिकटून राहतं. मल्टिपल इकोची रेंज खऱ्याच्या दुप्पटच राहते, म्हणून त्याचा रिलेटिव्ह वेगही दुप्पट दिसतो आणि सीपीएसुद्धा (सगळ्यात जवळ येण्याचं अंतर) दुप्पट. आर्पावर दोन्ही ट्रॅक करून आकडे शेजारी ठेवले की हे लगेच लक्षात येतं. खरं जहाज पुढे निघून गेल्यावर दोन्ही इको एकत्रच जातात.

दुसरी: कंट्रोल

आधी इको स्ट्रेच आणि ट्रेल्स बंद करा. स्ट्रेच चालू असताना साधा ठिपकाही जहाजाएवढा दिसतो, आणि जुनी ट्रेल नव्या लक्ष्यासारखी वाटते. मग गेन (रिसीव्हरची संवेदनक्षमता) हळूहळू कमी करा. साइड लोबचे आणि बरेचसे इनडायरेक्ट इको खऱ्या लक्ष्याच्या आधी विझतात, कारण ते कमजोर असतात. जवळच्या पल्ल्यात अँटी-क्लटर सी (लाटांचे इको दाबणारं कंट्रोल) थोडा वाढवूनही तेच साधतं. रेघा फिरत असतील तर इंटरफिअरन्स रिजेक्शन चालू करा. दुसऱ्याच्या पल्स आपल्या पल्सशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या दरवेळी वेगळ्या रेंजवर पडतात आणि हे प्रोसेसिंग त्यांना गाळून टाकतं. सार्टचे ठिपके आपल्याच पल्सला उत्तर म्हणून येतात, म्हणून ते जागेवर राहतात.

हे सगळं ओळखण्यापुरतं. पाहून झालं की गेन आणि क्लटर पूर्ववत करा. स्क्रीन स्वच्छ दिसावा म्हणून क्लटर वाढवून ठेवला तर लाकडी किंवा फायबरची होडी त्याखाली पुसली जाते, आणि लाटांमध्ये आपल्याला तीच शोधायची असते. ऑटो क्लटरवर विसंबू नका, हे नव्या सेकंड मेट आणि थर्ड मेटना मी आवर्जून सांगतो.

तिसरी: रेंज स्केल आणि पल्स

सेकंड ट्रेससाठी ही एकच कसोटी पुरते. समजा शॉर्ट पल्सवर रडार सेकंदाला १२०० पल्स सोडतं. दोन पल्समधल्या वेळात लहर जाऊन-येऊन १२५ किलोमीटर, म्हणजे सुमारे ६७.५ मैल कापते. ७५ मैलांवरच्या डोंगराचा इको त्यामुळे ७.५ मैलांवर दिसेल. लाँग पल्सवर गेलात आणि पल्स सेकंदाला ६०० झाल्या, तर ही मर्यादा १३५ मैलांवर जाते आणि तोच डोंगर आपल्या खऱ्या ७५ मैलांवर सरकतो, म्हणजे १२ किंवा २४ च्या स्केलवरून नाहीसा होतो. खरं लक्ष्य पल्स बदलल्याने जागचं हलत नाही. रेंज स्केल बदलल्यावर इको उडी मारून दुसऱ्या रेंजवर गेला किंवा गायब झाला, तर तो सेकंड ट्रेस.

स्केल बदलूनही पल्स तीच राहिली असेल तर कसोटी झालेली नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात पल्सची लांबी लिहिलेली असते, ती बदलली का ते पाहा. काही रडारमध्ये पल्समधलं अंतर मुद्दाम थोडं बदलतं ठेवलेलं असतं, त्यामुळे असे इको मुळातच विखुरले जातात. तुमच्या संचात तसं आहे का, हे मॅन्युअलमध्ये एकदा वाचून ठेवा.

चौथी: दुसरं रडार, एआयएस, चार्ट

एक्स आणि एस-बँडचे स्कॅनर वेगवेगळ्या जागी, वेगळ्या उंचीवर असतात. त्यामुळे फनेल एका रडारसाठी जिथे आडवं येतं तिथे दुसऱ्यासाठी येत नाही. इनडायरेक्ट इको एकावर दिसून दुसऱ्यावर न दिसणं हा चांगला पुरावा आहे. पण कमजोर लक्ष्यही एका बँडवर दिसून दुसऱ्यावर हरवू शकतं, म्हणून एवढ्यावर शिक्का मारू नका. सेकंड ट्रेस आणि मल्टिपल तर दोन्हींवर येऊ शकतात.

एआयएसची खूण इकोवर बसली तर इको खरा. ती नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. लहान मच्छीमार होड्यांवर बऱ्याचदा एआयएस नसतो, आणि असलेला बंदही करता येतो.

चार्ट उघडला की आणखी एक गोष्ट बघा: पुढे पाण्यावरून विजेची तार जाते का? हा प्रकार वर मुद्दाम लिहिला नाही, कारण यात रेंजही खरी असते आणि बेअरिंगही खरं. तार गुळगुळीत आणि सरळ असते, म्हणून तिच्यावर फक्त एकाच जागेवरून लहर आपल्याकडे परत येते, जिथे आपल्यापासून तारेवर काढलेला लंब पडतो तिथून. स्क्रीनवर तार न दिसता एक ठिपका दिसतो, लहान होडीसारखा. तार चॅनलला तिरकी असेल तर ठिपका एका बाजूला दिसतो आणि आपण पुढे जाऊ तसा मध्याकडे येत राहतो. लंबाची दिशा बदलत नाही, म्हणून खरं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेलं) तेच राहतं आणि रेंज कमी होत जाते. टक्कर होणार असल्याची हीच तर खूण. घाबरून स्टारबोर्डला (उजवीकडे) वळलात तर लंबही आपल्याबरोबर सरकतो, बेअरिंग तेच राहतं आणि ठिपकाही वळून अंगावर आल्यासारखा वाटतो. अरुंद चॅनलमध्ये त्याला चुकवत गेलं तर जहाज काठाला लागेल. तार चार्टवर दिसली तर पॅसेज प्लॅनमध्ये (सफरीच्या आराखड्यात) आधीच लिहून ठेवा की अमुक जागेनंतर असा इको येईल.

पाचवी: आपलंच जहाज

रडारजवळ ब्लाइंड आणि शॅडो सेक्टरचा (रडारला न दिसणाऱ्या आणि अर्धवट दिसणाऱ्या भागांचा) आराखडा लावलेला असतो. संशयित इकोचं रिलेटिव्ह बेअरिंग त्यावर ठेवून पाहा. आराखडा जहाज बांधताना केलेला असतो आणि नंतर बरंच काही बदलतं. क्रेनच्या जिब वेगळ्या लावल्या, डेकवर उंच कार्गो आला, मास्टवर नवी अँटेना बसवली, की नवे परावर्तक तयार होतात. ‘गेल्या सफरीत नव्हतं, या सफरीत आहे’ अशी तक्रार आली की मी आधी डेकवर काय बदललं ते विचारतो. आराखडा खरा आहे का हे मध्यम लाटांच्या समुद्रात सी क्लटर बघून कळतं. क्लटरचा पंखा जिथे जिथे तुटतो तिथे सावली आहे.

मोकळं पाणी असेल, रहदारी नसेल आणि कॅप्टनची परवानगी असेल, तर हेडिंग (जहाजाच्या नाकाची दिशा) थोडं बदलून बघता येतं. खऱ्या लक्ष्याचं खरं बेअरिंग तेच राहतं. इनडायरेक्ट इको फनेलला चिकटून जहाजाबरोबर फिरतो किंवा नाहीसा होतो. निर्णायक कसोटी आहे, पण समोरच्या जहाजाला तुमच्या वळण्याचा अर्थ वेगळा लागू शकतो. धुक्यात, गर्दीत किंवा अरुंद पाण्यात ती करू नका.

सहावी: स्कॅनरपर्यंत

वरच्या सगळ्यातून गेल्यावरही साइड लोबच्या कमानी पूर्वीपेक्षा जास्त येत असतील तर स्कॅनरच्या समोरच्या भागावर काजळी, मिठाचा थर किंवा कोणीतरी चुकून मारलेला रंग असू शकतो. वर जाण्याआधी अलॉफ्ट परमिट (उंचावर काम करण्याचा परवाना), दोन्ही रडार बंद, स्विच लॉक आणि पाटी, यातलं एकही वगळायचं नाही. फिरता एस-बँड स्कॅनर माणसाला खाली पाडू शकतो. गोडं पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं एवढंच वापरा. थिनर नको आणि समोरच्या भागावर रंग कधीच नको. खाली आल्यावर परफॉर्मन्स मॉनिटरचं (रडारची ताकद मोजणाऱ्या सोयीचं) रीडिंग घेऊन जुन्या नोंदीशी ताडून पाहा.

इथे थांबा आणि सर्व्हिस इंजिनियरला बोलवा

ट्रान्सिव्हरचं (पल्स सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या पेटीचं) झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. इंजिनियरची गरज कधी, ते असं ओळखा: केंद्रातून बाहेर जाणारे स्पोक दिसताहेत आणि इंटरफिअरन्स रिजेक्शनने जात नाहीत, खऱ्या बोयाचं किंवा भूशिराचं बेअरिंग सतत एकाच बाजूला चुकतंय, म्हणजे खोटा इको नसून हेडिंग मार्कर (हेडिंग दाखवणारी रेषा) सरकलाय, परफॉर्मन्स मॉनिटर घसरलाय, वेव्हगाइडमध्ये (स्कॅनरकडे लहर नेणाऱ्या नळीत) पाणी शिरल्याचा संशय आहे, किंवा एका रडारचे सगळे इको अचानक फिके झालेत. मास्टवर पत्रा तिरका बसवून किंवा शोषक पत्रे लावून इनडायरेक्ट इको कमी करता येतात, पण ते कामही उत्पादक आणि क्लासच्या (जहाज तपासणाऱ्या संस्थेच्या) संमतीनेच करायचं, आपल्या वर्कशॉपमध्ये नाही. एका अडथळ्याचा परावर्तक हलवला की दुसरीकडे नवी सावली पडू शकते.

तोवर कॅप्टनला कळवा, लुकआउट वाढवा, धुकं असेल तर वेग कमी करा, आणि पुढच्या वॉचला हँडओव्हरमध्ये तो इको कुठे दिसतो ते स्पष्ट सांगा.

इंजिनियर येईपर्यंत त्याच्यासाठी नोंद तयार ठेवा, नाहीतर बंदरात बांधलेल्या जहाजावर त्याला काहीच दिसणार नाही आणि तो ‘नॉर्मल’ लिहून जाईल. कोणता बँड, कोणता रेंज स्केल आणि पल्स, गेन आणि क्लटर किती, हेडिंग, इकोचं रिलेटिव्ह बेअरिंग आणि रेंज, त्याच वेळी त्याच रेंजवर दुसरं काय होतं, क्रेन कशा लावलेल्या होत्या, वारा कुठून होता. शिवाय स्क्रीनचा फोटो, ज्यात खालची सेटिंगची ओळ आणि वेळ स्पष्ट वाचता येईल, आणि काही मिनिटांनी काढलेला दुसरा.